पत्रमैत्री सुरू करताय? दुसऱ्या पत्राची तयारी आधी करा

मी चिपळूणला राहते आणि गेली अकरा वर्षं हाताने पत्रं लिहिते. सध्या चौघांशी माझा नियमित पत्रव्यवहार आहे. अकोला जिल्ह्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, फोंड्याचा कॉलेजात शिकणारा एक मुलगा, फिनलंडमधली एक ग्रंथपाल आणि माझी सख्खी मावशी. या चौघांपर्यंत पोचेस्तोवर निदान दहा ओळखी सुरू होऊन संपल्या, आणि जवळजवळ सगळ्या एकाच जागी संपल्या. पहिलं पत्र गेलं, उत्तर आलं, आणि पुढे काय लिहायचं ते दोघांनाही कळेना. म्हणून या लेखात कागद-पेनापेक्षा त्या जागेबद्दल मी जास्त लिहिणार आहे. पण क्रमाने जाऊ.

१. सामान: कपाटातलं आणि टपाल कचेरीतलं

पत्रमैत्रीसाठी ओळखपत्र, अर्ज, नोंदणी यातलं काहीही लागत नाही. लागतं ते एवढंच:

– दहा पोस्टकार्डं (कित्येक वर्षं एक कार्ड ५० पैशांना मिळतंय)
– पाच निळी आंतरदेशीय पत्रं (अडीच रुपयांना एक)
– पाच रुपयांची दहा तिकिटं आणि साधी पाकिटं
– ए-फोर आकाराचे साधे कागद किंवा रेघी फुलस्केप
– निळं किंवा काळं बॉलपेन
– डिंक
– एक दोनशे पानी वही (हिचं काम पुढे सांगते)

रंगीत कागद, लाखेची मोहर, वॉशी टेप (नक्षीदार कागदी चिकटपट्टी) हे सगळं नंतर, हौस टिकली तर. लाख तर टपालाच्या प्रवासात हमखास तडकते.

पेनाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गावात शिरलं तेव्हा माझ्या पत्रांची पेटी खालच्या खोलीत होती. दोन दिवसांनी ती उघडली. शाईच्या पेनाने लिहिलेली पत्रं म्हणजे नुसते निळसर, कोरे कागद झाले होते. अकोल्याच्या बाईंची पत्रं वाचता येत होती, कारण त्या शाळेपासूनच्या सवयीने बॉलपेन वापरतात. मावशीने पेन्सिलीने लिहिलेलं एक कार्ड तर जसंच्या तसं होतं. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्यात विरघळत नाही. दौतीतली बहुतेक शाई पाण्यातच विरघळवलेली असते, त्यामुळे ती पाण्याबरोबरच निघून जाते. तुम्हाला शाईच्या पेनाची आवड असेल तर मजकुराला खुशाल वापरा, पण पाकिटावरचा पत्ता बॉलपेननेच लिहा. महाराष्ट्रातला पोस्टमन चार महिने पावसातून येतो.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. दमट हवेत तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि पाकिटं रिकामीच बंद होऊन बसतात. तिकिटांमध्ये बटर पेपरचे तुकडे घाला आणि सगळं झाकणाच्या डब्यात ठेवा.

२. माणूस शोधणं

पहिला पत्रमित्र अनोळखीच हवा असं काही नाही. उलट मी म्हणेन की सुरुवात ओळखीच्या माणसापासून करा. गावाकडची आत्या, जुन्या शाळेतल्या बाई, बदली होऊन गेलेले शेजारी. यांना तुमचं कार्ड गेलं तर उत्तर येण्याची शक्यता खूप जास्त, आणि हातालाही सवय होते. मी मावशीला लिहायला लागले तेव्हा आम्ही रोज फोनवर बोलत होतो. तरी फोनवर कधी न निघालेल्या गोष्टी पत्रात निघाल्या. तिच्या लग्नाआधीच्या नोकरीबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते एका आंतरदेशीय पत्रातून.

अनोळखी लोकांपर्यंत जायचं असेल तर पोस्टक्रॉसिंग ही सगळ्यात सोपी वाट आहे. पाउलो मागाल्याइश या पोर्तुगीज तरुणाने १४ जुलै २००५ ला ते सुरू केलं. नावनोंदणी फुकट आहे. तुम्ही मागितलात की जगातल्या कुणाचा तरी पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. त्या पत्त्यावर चित्राचं कार्ड पाठवायचं, क्रमांक ठळक लिहायचा. समोरच्याने कार्ड पोचल्याची नोंद केली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो आणि तुम्हाला कार्ड येतं. नवख्याला एका वेळी पाच कार्डं प्रवासात ठेवता येतात. क्रमांक न लिहिता कार्ड टाकणं ही इथली नेहमीची चूक आहे. मग समोरच्याला नोंद करता येत नाही आणि तुमचं कार्ड ‘प्रवासात’च राहतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पोस्टक्रॉसिंगमध्ये ज्याला कार्ड पाठवलं त्याने उत्तर द्यायचं नसतं. ती देवाणघेवाण आहे, पत्रमैत्री नव्हे. फिनलंडची ग्रंथपाल मला तिथेच भेटली, पण तिने कार्ड मिळाल्याच्या निरोपात ‘मला लांब पत्रं लिहायला आवडतात’ असं आपणहून म्हटलं होतं. असं कुणी म्हटलं तरच पुढे जा.

टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धाही आहे. दरवर्षी एक विषय देतात. पत्र हातानेच लिहायचं, मराठीत चालतं, आंतरदेशीयवर ५०० शब्दांपर्यंत आणि पाकिटातून १००० शब्दांपर्यंत. मित्र मिळत नाही तिथे, पण ज्यांनी शाळेनंतर एकही पत्र लिहिलेलं नाही त्यांना पहिलं पान भरायला चांगलं निमित्त मिळतं.

३. सुरक्षितता, पत्ता देण्याआधी

घरचा पत्ता देणं म्हणजे घर दाखवणं आहे, हे विसरू नका. एकट्या राहणाऱ्या बायकांनी आणि मुलींनी तर हे कधीच विसरू नये. मोठ्या टपाल कचेऱ्यांत वार्षिक भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो. इथे मात्र ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. ते जमत नसेल तर कामाच्या ठिकाणचा किंवा ओळखीच्या दुकानाचा पत्ता ‘द्वारा’ लिहून देता येतो, अर्थात त्यांना विचारून. अठरा वर्षांखालच्या मुलांची पत्रं घरातल्या मोठ्यांना माहीत असावीत.

आधार क्रमांक, बँक, नोकरीची कागदपत्रं यातलं काही पत्रात यायचं कारण नाही. आणि परदेशी मित्राने दोन-तीन निरोपांतच ‘तुला भेट पाठवली आहे’ म्हणून कळवलं, पाठोपाठ कस्टममधून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला आणि पार्सल सोडवायला पैसे भरा म्हणाला, तर एक रुपयाही भरू नका. ही फसवणूक आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत झालेली आहे. खऱ्या पार्सलचं शुल्क असेल तर ते पावती घेऊन टपाल खात्याकडेच भरायचं असतं.

४. पत्ता लिहिणं

सर्वांत जास्त पत्रं इथे वाया जातात.

महाराष्ट्रातला गावचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होतो. मुक्काम आणि पोस्ट. गावातच टपाल कचेरी असेल तरच ही दोन अक्षरं एकत्र लिहायची. कचेरी शेजारच्या गावात असेल तर ‘मु.’ वेगळं आणि ‘पो.’ वेगळं लिहायचं. मला हे माहीत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीला मी सरळ ‘मु. पो.’ लिहून पाकीट पाठवलं, आणि पिनकोडही तालुक्याच्या गावचा घातला. तीन आठवड्यांनी ते पेन्सिलीने ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आलं. परत आलं हेही नशीब, कारण मागच्या बाजूला माझा पत्ता होता. पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेलं पत्र परत तरी कुणाकडे जाणार?

पिनकोड विचारून घ्या, अंदाजाने लिहू नका. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतात कविता करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याने ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. एकाच नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून टपाल नीट वाट काढू शकावं म्हणून. सहा आकड्यांतले पहिले तीन पत्र कुठल्या भागात वर्गीकरणाला जायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन नेमकी कचेरी. म्हणजे शेवटच्या तिनात चूक झाली तर पत्र जिल्ह्यापर्यंत बरोबर पोचून तिथे भटकतं.

महाराष्ट्रात पत्ता मराठीत लिहिलात तर चालतं, पण पिनकोड इंग्रजी आकड्यांतच लिहा. घाईत लिहिलेला मराठी चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी सात इंग्रजी सहासारखा. राज्याबाहेर जाणाऱ्या पत्राचा सगळाच पत्ता इंग्रजीत लिहिलेला बरा. परदेशी पत्ता समोरच्याने जसा दिला असेल तसाच, ओळीला ओळ ठेवून उतरवा. फिनलंडमध्ये कोड गावाच्या नावाआधी येतो, तो ‘नीट’ करायला जाऊ नका. शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरांत.

५. पहिलं पत्र

छोटं लिहा. अनोळखी माणसाला पाकीटभर मजकूर आला की त्याला तेवढंच परत लिहायचं दडपण येतं. पोस्टकार्ड किंवा आंतरदेशीय पुरतं. पोस्टकार्डावर पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भागही तुमचाच असतो. मात्र कार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं, तेव्हा मोबाइल नंबर किंवा घरातल्या गोष्टी त्यावर नकोत.

मायन्याला घाबरू नका. वर उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मोठ्या अनोळखी बाईंना ‘आदरणीय ताई यांस’, बरोबरीच्यांना ‘प्रिय’. खाली ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ‘तीर्थरूप’ आई-वडिलांसाठी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवा. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. हे शब्द जुने वाटतील, पण वयस्कर माणसाला ते वाचताना घरचं कुणी आल्यासारखं वाटतं. अकोल्याच्या बाईंनी पाचव्या पत्रात ‘स. न. वि. वि.’ सोडून ‘अ. उ. आ.’ लिहिलं. अनेक उत्तम आशीर्वाद. ती तीन अक्षरं मी कितीतरी वेळ बघत राहिले होते.

मजकुरात तीन गोष्टी असल्या की झालं: तुम्ही कोण आणि पत्र का लिहिताय, आत्ता तुमच्या खिडकीतून काय दिसतंय, आणि एक असा प्रश्न ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ने संपणार नाही. ‘तुम्हाला वाचायला आवडतं का?’ यापेक्षा ‘तुमच्या गावात वाचनालय कुठे आहे, आणि तिथे कोण कोण बसलेलं असतं?’ हा प्रश्न फार पुढे नेतो.

पोस्टकार्ड टाकण्याआधी त्याचे कोपरे बघून घ्या. आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मृत्यूची बातमी, ही खूण जुन्या लोकांच्या मनात अजून पक्की आहे. दप्तरात दुमडून कोपरा फाटलेलं माझं एक कार्ड मावशीकडे गेलं. मजकूर वाचण्याआधीच तिने रडत फोन केला होता.

६. वजन, तिकीट, पेटी

ए-फोर आकाराचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो, कारण असे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतात. साधं छोटं पाकीट साधारण तीन ते पाच ग्रॅमचं. देशांतर्गत पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट, म्हणजे पाकिटात तीन कागद निर्धास्त. चौथा घातलात तर खिडकीवर वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात, आणि मैत्रीची सुरुवात तशी व्हायला नको. परदेशी पत्राचं टपाल दर वेळी खिडकीवरच विचारा, ते दर बदलतात.

तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात. त्याच्या पाठीला असलेल्या डिंकावर विसंबू नका, कडांना स्वतःचा थोडा डिंक लावा. तिकिटावरून सेलोटेप मात्र कधीच लावू नका. टेपवर शिक्का उमटत नाही आणि तिकीट बाद धरलं जाऊ शकतं.

रस्त्यावरची लाल पेटी वापरण्याआधी तिच्यावरची उघडण्याची वेळ बघा. ती पाटी कोरी किंवा गंजलेली असेल तर पत्र थेट कचेरीच्या पेटीत टाका. अशाच एका पेटीत टाकलेलं माझं कार्ड दोन महिन्यांनी पोचलं होतं. साध्या पत्राला पावती नसते आणि ते कुठवर गेलंय हे बघायची सोयही नसते. जुना फोटो वगैरे असं काही परत न मिळणारं पाठवायचं असेल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट मागायला गेलात तर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्येच सामावून घेतलंय असं सांगतील.

सुंदर तिकिटं हवी असतील तर मोठ्या शहरांतल्या मुख्य टपाल कचेरीत फिलाटेली विभाग असतो. मुंबईच्या जीपीओत गेलात तर तिथली विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेली घुमटाची इमारतही डोळे भरून बघून या.

७. वाट बघणं आणि वही

राज्यातल्या राज्यात माझी पत्रं तीन दिवसांपासून आठ-दहा दिवसांपर्यंत कधीही पोचतात. फिनलंडला दोन आठवडे ते दीड महिना. उत्तर लिहायला माणसाला वेळ लागतो तो वेगळा. तेव्हा देशात एक महिना आणि परदेशात तीन महिने होईपर्यंत काळजी करायचं कारण नाही. त्यानंतर एक साधं कार्ड टाका: ‘माझं अमुक तारखेचं पत्र मिळालं का? उत्तराची घाई नाही, फक्त पोच हवी.’ तक्रारीचा सूर नको. समोर दुखणं असेल, परीक्षा असेल, किंवा पत्रच पोचलं नसेल.

आता ती वही. प्रत्येक माणसाला काही पानं द्या. पाठवल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, मी काय सांगितलं, त्यांनी काय विचारलं. पत्र हातातून गेलं की आपण काय लिहिलं होतं ते महिन्याभरात आठवत नाही आणि एकच हकीकत दोनदा जाते. पाठवण्याआधी फोटो काढून ठेवलात तरी चालेल, पण वहीतल्या चार शब्दांनी काम लवकर होतं.

८. दुसरं पत्र

सुरुवातीच्या वर्षांत उत्तर आलं की मी आनंदाने बसायचे आणि पुन्हा स्वतःबद्दलच चार पानं लिहायचे. माझी नोकरी, माझा पाऊस, माझी मांजर. नाशिकच्या एका मुलीने तशी दोन पत्रं सोसली आणि तिसऱ्याला उत्तर दिलं नाही. तिने तिच्या पत्रात आजोबांच्या दुखण्याचा उल्लेख केला होता. मी त्यावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पुढे जुनी पत्रं चाळताना ती ओळ मला दिसली तेव्हा फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. आलेलं पत्र समोर ठेवायचं, पेन्सिल घ्यायची आणि तीन जागी खूण करायची. त्यांनी विचारलेला एखादा प्रश्न, त्यांनी घेतलेलं एखादं नाव, आणि त्यांनी अर्धवट सोडलेली एखादी गोष्ट. आपलं पत्र या तिन्हींपासून सुरू करायचं. स्वतःच्या बातम्या त्यानंतर.

यातली तिसरी खूण सर्वांत मोलाची. अकोल्याच्या बाईंनी दुसऱ्या पत्रात खतं, कापूस, नातवंडं असं बरंच लिहून शेवटी एक ओळ टाकली होती: ‘परवा विहिरीवरचा रहाट काढला.’ बस, एवढंच. मी विचारलं, रहाट काढून ठेवला कुठे? पुढचं पाकीट आलं ते तिप्पट जाड. रहाट त्यांच्या सासऱ्यांनी कुठल्या सुताराकडून करून घेतला होता, त्याचा आवाज पहाटे कसा यायचा, मोटार बसल्यावर तो आवाज बंद झाला तेव्हा सासूबाई कशा दचकून जाग्या व्हायच्या, आणि आता तो गोठ्याच्या भिंतीला टेकून कसा उभा आहे. सोबत वहीच्या कागदावर त्यांनी रहाटाचं चित्रही काढलं होतं. आमची मैत्री तिथे सुरू झाली असं मी धरते, पहिल्या पत्राला नाही.

समोरच्याने फारच त्रोटक लिहिलं असेल आणि खूण करायला काही सापडत नसेल, तर त्यांचा गाव घ्या. नकाशावर बघा, जवळ कुठली नदी आहे, कुठला बाजार भरतो, आणि त्याबद्दल विचारा. फोंड्याच्या मुलाची पहिली तीन पत्रं सात-आठ ओळींची होती. मी त्याला जत्रेबद्दल विचारलं आणि चौथं पत्र दोन पानी आलं.

‘ता. क.’ राखून ठेवा. पाकीट बंद करताना सुचलेली गोष्ट तिथे जाते, आणि कित्येकदा पत्रातलं सर्वांत जिवंत वाक्य तेच असतं.

९. पाकिटात काय घालावं

सपाट आणि कागदी असेल ते घालावं. एसटीचं तिकीट, कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान घडी करून, स्वतः काढलेली रांगोळीची ठिपक्यांची आकृती, वर्तमानपत्रातलं कात्रण. नाणी नकोत, ती पाकीट फाडून बाहेर येतात. नोटा तर मुळीच नकोत. परदेशी जाणाऱ्या पत्रात बिया, मसाला, वाळवलेली फुलं-पानं टाळा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर अशा वस्तूंबाबत नियम फार कडक आहेत. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, कारण ३/४ म्हणजे अमेरिकेत चार मार्च होतो.

१०. आलेली पत्रं सांभाळणं

लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरंही घेऊन निघते. पिना आणि स्टेपल काढून टाका, कोकणात एका पावसाळ्यात त्यांचा गंज कागदावर उतरतो. कसर लागू नये म्हणून मी पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडी बांधून ठेवते आणि दिवाळीच्या आधी सगळी पत्रं सावलीत पसरून हवा देते. कडक ऊन दाखवायचं नाही, शाई विटते.

पत्रं भिजली तर ओढून सुटी करू नका. ओला कागद हाताला येतो. गठ्ठा तसाच ठेवून पंख्याखाली वाळत घाला, वरचं पान आपोआप सुटायला लागलं की मग एकेक काढा आणि कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवा. वर्तमानपत्रात ठेवलंत तर छपाईची शाई उमटते. पुरानंतर तीन दिवस आमच्या माडीवर दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पत्रं टांगलेली होती. जी कोरी झाली त्यांची पाकिटंही मी ठेवली आहेत, कारण त्यांवरचे पत्ते बॉलपेनने लिहिलेले होते. त्या पत्त्यांवर मी एकेक कार्ड टाकलं: तुमची पत्रं पाण्यात गेली, त्यात काय होतं ते पुन्हा सांगाल का? सहा जणांना पाठवली होती. चार उत्तरं आली.